तपासणीची बाटली

पहिला नकार चार मिनिटांत आला आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मेल्यांनी वाचलंसुद्धा नाही. पण दुर्बीणराव पडले बाटल्या तपासणारे. चार मिनिटं म्हणजे त्यांच्या हिशेबानं चारशे बाटल्या. एका बाटलीकडे एवढा वेळ बघावं लागलं म्हणजे तिच्यात काहीतरी भयंकर खोट असणार, असं त्यांनी धरलं आणि त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत.

दुर्बीणराव हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते काचेच्या कारखान्यात पडलं आणि चोवीस वर्षं चिकटून राहिलं. भट्टीतून निघालेल्या बाटल्या निवून पट्ट्यावरून सरकत यायच्या. पट्ट्यामागे दुधी काचेचा उजेड आणि उजेडासमोर उंच स्टुलावर हे. मिनिटाला शंभर बाटल्या. बुडबुडा, तडा, खडा, वाकडी मान, काहीही दिसलं की बाटली उचलायची आणि मागच्या पिंपात टाकायची. पिंपातला माल परत भट्टीत जायचा. सगळ्यांत अवघड होता तो 'झोका'. बाटलीच्या पोटात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, केसाएवढा काचेचा धागा लोंबकळत राहतो त्याला ते झोका म्हणायचे. बाहेरून बाटली अगदी सोज्वळ दिसते. आत काही भरलं की धागा तुटतो आणि औषधाबरोबर माणसाच्या पोटात जातो. दुर्बीणरावांना झोका दिसायचा. कसा दिसायचा ते त्यांनाही सांगता यायचं नाही, पण हात आपोआप पुढे व्हायचा.

मग कारखाना बंद पडला. तो का बंद पडला हे सांगत बसलं तर संध्याकाळ होईल. दुर्बीणराव एक्कावन्नाव्या वर्षी घरी बसले, एवढं खरं. बायको दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लावायची, मुलगी कुरिअरच्या ऑफिसात खिडकीवर बसायची, त्यामुळे घर चालू होतं. मेहुण्यानं एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर बसायचं काम बघून ठेवलं होतं. पुढच्या महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांगा, म्हणाला होता. कामात वाईट काही नव्हतं. येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे आणि दांडा वर-खाली करायचा. पण चोवीस वर्षं तेल घालून जपलेल्या डोळ्यांचं फाटकावर काय करायचं, हे काही दुर्बीणरावांना कळत नव्हतं. बसच्या टप्प्यात काचेचं काम करणारी आता एकच जागा उरली होती, इंजेक्शनच्या कुप्या बनवणारा कारखाना. तिथे एक जागा निघाली होती. ती मिळाली तर काच, नाहीतर फाटक, असा सरळ हिशेब होता.

जागेचं नाव मात्र सरळ नव्हतं. 'अपवाद व्यवस्थापन सहयोगी.' दुर्बीणरावांनी ते तीनदा वाचलं.

"अपवाद म्हणजे जो नेहमीसारखा नाही तो. बरोबर ना?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हो."

"मग त्याचं व्यवस्थापन कशाला करायचं? आणि सहयोगी कोणाचा? अपवादाचा?"

"अहो, मला काय विचारता? आमच्याकडे झाडूवालीलासुद्धा स्वच्छता समन्वयक म्हणतात. करते ती झाडूच."

खाली आणखी पंधरा ओळी होत्या. डेटाधारित निर्णयक्षमता. हितसंबंधितांशी प्रभावी समन्वय. गतिमान वातावरणात काम करण्याची आवड. एवढं वाचूनही तिथे जाऊन माणसानं सकाळी आठ वाजता नेमकं काय करायचं, उभं राहायचं की बसायचं, ते काही कळत नव्हतं. कुप्यांच्या कारखान्यात आहे म्हणजे काचेशी काही संबंध असेलच, अशा भाबड्या आशेनं दुर्बीणरावांनी रेघी कागद घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात एक पान लिहून काढलं. कुठे काम केलं, किती वर्षं, कोणकोणत्या खोटी ओळखता येतात. झोक्याबद्दल चार ओळी जास्तच लिहिल्या. मग त्या पानाचा मोबाइलवर छानसा फोटो काढून साइटवर चढवला, नाव घातलं, फोन नंबर घातला आणि बटण दाबलं. चार मिनिटांनी उत्तर आलं. 'आपल्या अर्जाचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला. यावेळी आपल्यासोबत पुढे जाता येत नाही.'

संध्याकाळी मुलीनं तो कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे आधी माणूस वाचतच नाही. यंत्र वाचतं."

"यंत्राला काय कळतं?"

"कळत काही नाही. जाहिरातीतले शब्द तुमच्या कागदात आहेत का, एवढंच बघतं. नसले की टाकून देतं."

"म्हणजे मी काय करायचो ते त्याला नकोच?"

"त्याला त्याचेच शब्द परत हवे असतात."

"आमच्या डॉक्टरांसारखं," बायको म्हणाली. "त्यांनाही त्यांचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं."

मग मुलीनं अर्ज टाइप करायला घेतला. 'बाटल्या तपासणे' याचं 'दृश्य गुणवत्ता मूल्यांकन' झालं. 'खोटी बाटली पिंपात टाकणे' याचं 'सदोष घटकांचे विलगीकरण' झालं. 'मुकादमाला सांगणे' याच्या जागी 'हितसंबंधितांशी समन्वय' आलं.

"मुकादम हितसंबंधी कसा काय?" दुर्बीणराव म्हणाले. "त्यानं कधी माझं हित पाहिल्याचं आठवत नाही. सारखा डाफरायचा."

"बाबा, असू दे ना."

"आणि झोका?"

"झोका काढला. यंत्राला तो शब्द माहीत नाही."

मुलगी झोपायला गेल्यावर दुर्बीणरावांनी तो रेघी कागद चार घड्या करून कपाटात शर्टांखाली ठेवून दिला.

दुसरा अर्ज गेला. नकार अर्ध्या मिनिटात आला. तेच वाक्य, तोच काळजीपूर्वक विचार. यावेळी एवढ्या लवकर का, याचंही उत्तर दुर्बीणरावांकडे तयार होतं. खोट बारीक असली की बघायला वेळ लागतो, मोठी असली की झटक्यात दिसते. म्हणजे टाइप केल्यामुळे खोट उलट उठून दिसायला लागली होती.

आता कारखान्यात एकाएकी बाटल्या तडकायला लागल्या की एक रीत होती. सगळं एकदम बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची आणि काय होतं ते बघायचं. आज हवा कमी, उद्या पट्ट्याची गती, परवा भट्टीची आच. दुर्बीणरावांनी तीच वही काढली. तिसऱ्या अर्जात त्यांनी 'मूल्यांकन' काढून 'विश्लेषण' घातलं. चौथ्यात वर्षं मागे नेली आणि कौशल्यं पुढे आणली. पाचव्यात वय गाळलं. सहाव्यात 'गतिमान वातावरण' तीनदा घातलं. सातव्यात तर 'अपवाद' हा शब्द त्यांनी पाच ठिकाणी पेरला, कसला अपवाद ते माहीत नसताना. साइट तोच नंबर, तेच नाव मुकाट्यानं घेत होती आणि प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटात नकार पाठवत होती. वहीत सात तारखा आणि त्यांच्यापुढे सात फुल्या झाल्या. सारा उद्योग पालथ्या घड्यावर पाणी.

पाच आठवडे गेले. दुर्बीणराव हळूहळू सैरभैर व्हायला लागले. आता खरं म्हणजे त्यांनी रागवायला हवं होतं. शेजाऱ्याशी भांडायचं, मेहुण्यावर ओरडायचं, काहीतरी करायचं. पण त्यांना रागही येईना. त्यांना वाटायला लागलं की आपल्यालाच काही दिसत नाहीये. एका सकाळी बायकोनं पाहिलं तर ते खिडकीपाशी उभे राहून पाण्याचा रिकामा ग्लास उजेडासमोर फिरवत होते.

"काय झालं?"

"अगं, मी नक्की काय करायचो?"

"बाटल्या बघायचात."

"तसं नाही म्हणायचं आता. मी सदोष घटकांचं विलगीकरण करायचो. पण मग स्टुलावर कोण बसायचं?"

बायकोनं त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला. तिनं तो ग्लास उगाचच परत धुतला.

त्याच दिवशी दुपारी दुर्बीणरावांना मुकादमाची पेटी आठवली. त्या पेटीत कापूस घातलेले बारा कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक खोटी बाटली. एक बुडबुड्याची, एक तडा गेलेली, एक झोक्याची. त्यांना तपासणीच्या बाटल्या म्हणायचे. पाळी चालू असताना मुकादम कोणालाही न सांगता त्यातली एक हळूच पट्ट्यावर सोडायचा. तपासणाऱ्यानं ती पकडली तर ठीक. सुटून पुढे गेली तर भोंगा वाजायचा, पट्टा थांबायचा आणि मागच्या अर्ध्या तासाचा सगळा माल पुन्हा तपासायचा. पिंपातलासुद्धा, कारण जो झोपला होता त्यानं चांगल्या बाटल्याही फेकल्या असणार. आणि ज्याच्या नजरेतून ती सुटली त्यानं ती स्वतःच्या हातानं नेऊन पेटीत परत ठेवायची. चोवीस वर्षांत दुर्बीणरावांच्या नजरेतून ती एकदाच सुटली होती, दाढ ठणकत होती तेव्हा.

"समोरचा तपासणारा जागा आहे का, हे आधी बघायला हवं," ते संध्याकाळी म्हणाले. "इतके दिवस मी स्वतःलाच तपासतोय. तपासणाऱ्याला कोण तपासणार?"

"म्हणजे काय करणार?" मुलीनं घाबरत विचारलं.

"खोटा माणूस पाठवणार. उघडउघड खोटा. शेंबड्या पोरालाही कळेल असा."

तिघं जेवणाच्या टेबलाशी बसले. कितीतरी दिवसांनी त्या घरात हसण्याचा आवाज झाला. खोट्या माणसाला काहीतरी नाव दिलं, पण घरात सगळे त्याला नमुनाच म्हणायला लागले. नमुन्याचं वय एकतीस. सहा वर्षांत अकरा नोकऱ्या, त्यातल्या चार तर एकाच महिन्यात. काचेला कधी हात लावलेला नाही. मुलीनं जाहिरातीतल्या पंधराच्या पंधरा ओळी उचलून त्याच्या कौशल्यांत जशाच्या तशा टाकल्या.

"आणि आरोग्याच्या रकान्यात लिही," बायको म्हणाली, "उजेडाकडे बघवत नाही."

"आई!"

"लिही गं. ते वाचूनही घेतलं तर मग बोलायलाच नको."

एका नंबरवर दोन नावं नकोत म्हणून मुलीनं स्वतःचा नंबर घातला. बटण दाबलं. तिघं मोबाइलकडे बघत बसले. सहाव्या मिनिटाला उत्तर आलं. 'अभिनंदन! आपली पात्रता आमच्या गरजांशी उत्तम जुळते. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मुलाखतीस यावे.'

हसू जागच्या जागी थांबलं. बडा घर पोकळ वासा, त्यालाच आवतण!

"आता?" मुलगी म्हणाली.

"आता जायचं."

"बाबा, खोट्या नावानं? ते पोलिसात देतील."

"खोट्या नावानं कोण जातंय? बाटली सुटलीये. भोंगा वाजवायला नको? पट्टा थांबवायला नको?" दुर्बीणरावांचा आवाज चढला होता, पण आत त्यांनाही ठाऊक नव्हतं की आपण नोकरी मागायला चाललोय, तक्रार करायला चाललोय की माफी मागायला. गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी महिना संपत होता आणि मेहुण्याचा दोनदा फोन येऊन गेला होता.

गुरुवारी बायकोनं इस्त्रीचा शर्ट काढून दिला. शर्टाखाली तिला तो चार घड्यांचा रेघी कागद सापडला. तिनं तो उघडून वाचला, पुन्हा घडी केली आणि त्यांच्या खिशात घातला.

"हा कशाला?"

"नमुन्याचे कागद नेताय ना? मग स्वतःचंही काहीतरी असू दे बरोबर."

कुप्यांचा कारखाना स्वच्छ होता, इतका की दुर्बीणरावांना स्वतःच्या बुटांची लाज वाटली. दारात माणूस नव्हता, उभा पडदा होता. पडद्यानं नाव विचारलं. त्यांनी आधी स्वतःचं नाव घातलं. 'आपली भेट ठरलेली नाही,' पडदा म्हणाला. मग मागे कोणी बघत नाही ना हे पाहून त्यांनी नमुन्याचं नाव घातलं. लगेच दार उघडलं आणि खालच्या फटीतून त्या नावाचा चिकटपट्टीचा बिल्ला बाहेर आला. 'छातीवर लावा.' त्यांनी लावला. बाकावर आणखी दोघं बसले होते, दोघांचे ओठ हलत होते. दुर्बीणरावांनी कान दिला तर एक म्हणत होता, डेटाधारित निर्णयक्षमता, आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ, गतिमान वातावरण. छातीवर परक्याचं नाव लावून त्यांच्याशेजारी बसताना दुर्बीणरावांना वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं. पण दार आतून उघडायला काय करायचं तेही कळेना.

तेवढ्यात नमुन्याच्या नावानं आतून बोलावणं आलं. गुणवत्ता विभागाच्या प्रमुख एक मॅडम होत्या. पांढरा कोट, केसांवर टोपी, चष्मा टोपीवर चढवलेला. त्यांनी समोरच्या पडद्यावर पाहिलं, मग दुर्बीणरावांकडे, मग परत पडद्यावर.

"वय एकतीस?"

"नाही."

"सहा वर्षांत अकरा कंपन्या?"

"नाही."

"आणि हे काय, उजेडाकडे बघवत नाही?"

दुर्बीणरावांनी छातीवरचा बिल्ला सोलून काढला आणि टेबलावर ठेवला. "मॅडम, हा माणूसच नाही. ही तपासणीची बाटली आहे. मी सोडली. तुमच्या यंत्रानं पास केली. म्हणून परत न्यायला आलो."

मॅडमना आधी काही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा त्या भडकल्या. "हा काय पोरखेळ आहे? सकाळपासून मी इथे बसलेय. चार जणांशी बोलले, एकालाही बुडबुडा आणि खडा यांतला फरक सांगता येत नाही. पाचवे तुम्ही, आणि तुम्ही म्हणता की तुम्ही नाहीच आहात?"

"रागवा, मॅडम. रागवायलाच पाहिजे. पण पट्टा थांबवा."

"कसला पट्टा?"

मग दुर्बीणरावांनी पेटीचं सांगितलं. बारा कप्पे, कापूस, भोंगा, अर्ध्या तासाचा माल. सांगता सांगता त्यांची वाक्यं एकमेकांत अडकत होती. मध्येच ते 'विलगीकरण' म्हणाले, मग 'नाही नाही, पिंपात टाकायचो' म्हणाले. मॅडम ऐकत होत्या. त्यांचा राग पुरता गेला नव्हता, पण त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"आमच्याकडेही आहे तशी पेटी," त्या म्हणाल्या. "कुप्या बघायला कॅमेरा आहे. रोज सकाळी त्याच्यासमोर खोट्या कुप्या पाठवतो आम्ही." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "याच्यासमोर कधीच पाठवल्या नाहीत."

"किती जणांना नकार गेला?"

"सहाशे बारा."

"मी त्यातलाच. सात वेळा."

"तुमचा नंबर सांगा."

त्यांनी सांगितला. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला, काहीतरी टाइप केलं आणि वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पहिला अर्ज. कारण: वाचण्याजोगा मजकूर नाही. तुम्ही फोटो पाठवला होता का?"

"हो. अक्षर चांगलं आहे माझं."

"त्याला फोटोतली अक्षरं काढता आली नाहीत. खटपट केली असेल थोडा वेळ, मग सोडून दिलं. आणि बाकीचे सहा..." त्या थांबल्या. "सहाही अर्जांना एकच कारण आहे. हा नंबर पूर्वी येऊन गेलाय. पुन्हा आला की अर्ज उघडतच नाही ते. तसंच परत पाठवतं."

"म्हणजे 'विश्लेषण' चाललं नाही की 'मूल्यांकन'?"

"दोन्ही शब्द वाचलेच नाहीत."

"आणि वय गाळलं होतं तो?"

"तोही नाही. तुमचा एकही शब्द कोणी वाचलेला नाही. माणसानं नाही आणि यंत्रानंही नाही."

"पण लिहिलं होतं की काळजीपूर्वक विचार..."

"ते सगळ्यांनाच जातं."

पाच आठवडे, सात फुल्या, वहीभर शब्दांची उलथापालथ. पाच आठवडे दुर्बीणराव स्वतःला उजेडासमोर धरून खोट शोधत होते. आणि बाटली पट्ट्यावर आलीच नव्हती! आता हसावं की रडावं? सुटका झाली म्हणावं की अपमान झाला म्हणावं? आपल्याला नापास केलं नाही याचं बरं वाटत होतं, आणि बघितलंही नाही याचं इतकं वाईट वाटत होतं की डोळ्यांत पाणीच आलं. ते पुसायला रुमाल काढताना खिशातून रेघी कागद खाली पडला.

मॅडमनी वाकून तो उचलला. "हाच का तो पहिला?"

"हो."

त्यांनी घडी उघडली. आता जन्मभर स्वतःची नजर राबवलेल्या माणसाला दुसऱ्याची नजर बरोबर कळते. ती नुसती फिरतेय की बघतेय, हे दुर्बीणरावांना लांबूनही सांगता आलं असतं. मॅडमची नजर पहिल्या ओळीवर गेली, दुसरीवर आली, परत पहिलीवर गेली. मग सावकाश खाली उतरत उतरत पानाच्या मध्यावर येऊन थांबली. दुर्बीणराव श्वास धरून बसले होते. चोवीस वर्षांत लाखो बाटल्यांकडे त्यांनी असं पाहिलं होतं, पण बाटलीला त्या वेळी काय वाटत असेल याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

"हा झोका," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे आतून काचेचा धागा? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत?"

"केसाएवढा."

"आमच्याकडे त्याला नावच नाही. कॅमेऱ्याला तो धड दिसत नाही. कधी सोडतो, कधी नुसती सावली पडली तरी चांगली कुपी फेकतो. रोज पेट्याच्या पेट्या फेकतो. त्या फेकलेल्या कुप्या पुन्हा उजेडासमोर धरून बघायला माणूस हवाय मला. त्यासाठीच तर ही जागा काढली."

"कुठली?"

"हीच. अपवाद म्हणजे त्या फेकलेल्या कुप्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण वळसा घालायला लावला कोणी? दुर्बीणरावांच्या तोंडून एवढंच निघालं, "मग तसं लिहिलं का नाही, मॅडम?"

"मी तसंच लिहून दिलं होतं. वर कोणीतरी बदललं." त्यांनी कागदाची घडी घातली, पण परत दिला नाही. "मी तुम्हाला असं थेट घेऊ शकत नाही. यादीत नाव लागतं. उद्या संध्याकाळपर्यंत साइट उघडी आहे. नवा अर्ज भरा, टाइप करून. नंबर दुसरा घाला, तुमचा आता चालायचा नाही. जाहिरातीतले शब्द घाला, नाहीतर माझ्यापर्यंत पोचणार नाही. आणि त्यात कुठेतरी झोका लिहा. म्हणजे मला कळेल."

"आणि बाकीचे सहाशे अकरा?"

"म्हणजे?"

"बाटली सुटली की मागचा माल परत तपासतात. पिंपातलासुद्धा."

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. बाहेर बाकावरचे दोघं अजून पुटपुटत असणार. "बघते," त्या म्हणाल्या. त्या खरंच बघणार होत्या की नुसतं म्हणत होत्या, ते मात्र दुर्बीणरावांना ओळखता आलं नाही. त्यांनी टेबलावरचा नमुन्याचा बिल्ला उचलून खिशात ठेवला. तो त्यांनाच परत न्यायचा होता.

बसथांब्यावर उभं राहून त्यांनी दवाखान्यात फोन लावला. मागे कोणाच्या तरी दाताला यंत्र लागल्याचा आवाज येत होता.

"अहो, काय झालं?"

"तुझा फोन नंबर वापरायचा आहे."

"म्हणजे अजून एक अर्ज? नोकरीचं काय म्हणाले?"

"अजून काहीच नाही. कदाचित. नंतर सांगतो, माझंच मला नीट कळलेलं नाही."

"बरं, एवढंच सांगा. तो कागद कोणी बघितला का?"

समोरून बस येत होती, तिचा नंबर दुर्बीणरावांना नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी दिसला.

"बघितला," ते म्हणाले. "दोनदा बघितलं पहिल्या ओळीकडे."